मुंग्या, पुटकुळ्या, खपली: पुरुषांनी जननेंद्रियांवरचा हर्पीस कसा ओळखावा

लिंगावर किंवा जांघेत काही उठलं की बरेच पुरुष पहिले दोन दिवस तिकडे बघायचंच टाळतात. तिसऱ्या दिवशी आग वाढते, तेव्हा मेडिकलमध्ये जाऊन ‘खाज येते’ एवढंच सांगून एक ट्यूब आणली जाते. धीर करून डॉक्टरांकडे जाईपर्यंत आठ-दहा दिवस गेलेले असतात. पुटकुळ्या फुटून सुकलेल्या, वर मलमाचा थर, आणि डॉक्टरांच्या हाती लागतो तो फक्त एक लालसर डाग. तो हर्पीसचा होता, खरजेचा होता की एखाद्या गोळीच्या अ‍ॅलर्जीचा, हे त्या डागावरून कुणालाच छातीठोकपणे सांगता येत नाही. माणूस मग कित्येक महिने शंकेत काढतो.

हा लेख त्या पहिल्या तीन-चार दिवसांसाठी आहे. हर्पीस नुसत्या दिसण्यावरून ओळखायला गेलं तर फसगत होते, कारण त्याच्यासारखं दिसणारं बरंच काही असतं. तो ओळखू येतो क्रमावरून: आधी काय जाणवलं, मग काय उठलं, कधी फुटलं, किती दिवसांनी सुकलं, आणि परत आलं तर कुठे आलं. हा क्रम डॉक्टरांना दिसत नाही, तुम्हाला दिसतो. म्हणून तो नीट बघायला आणि सांगायला शिकणं महत्त्वाचं.

आधी नावाचा घोळ सोडवू

डॉक्टरांनी ‘हर्पीस’ म्हटलं की आपल्याकडे अनेकांच्या डोळ्यांपुढे नागीण येते. नागीण हा वेगळा आजार आहे. लहानपणी कांजिण्या देऊन गेलेला विषाणू शरीरात दबून राहतो आणि पुढे कधीतरी एखाद्या नसेच्या वाटेने बाहेर पडतो, ती नागीण. ती शरीराच्या एकाच बाजूला, पट्ट्यासारखी उठते, तिच्या वेदना भयंकर असतात, आणि बहुतेकांना ती आयुष्यात एकदाच होते. लैंगिक संबंधाशी तिचा काही संबंध नाही. नागिणीचं तोंड आणि शेपूट जुळलं की माणूस दगावतो, ही समजूतही खोटी आहे.

जननेंद्रियांवरचा हर्पीस होतो तो हर्पीस सिम्प्लेक्स नावाच्या विषाणूमुळे. कांजिण्यांच्या विषाणूचा तो चुलतभाऊ. त्याचे दोन प्रकार आहेत. पहिला प्रकार म्हणजे ताप येऊन गेल्यावर ओठाच्या कडेला पुटकुळ्यांचा झुबका उठतो, ‘ताप बाहेर पडला’ असं घरात म्हणतात, तो. दुसरा प्रकार मुख्यतः लैंगिक संबंधातून पसरतो आणि कमरेखाली मुक्काम करतो. पण ही विभागणी काटेकोर नाही. ओठावर पुटकुळी असलेल्या, किंवा नसलेल्यासुद्धा, व्यक्तीच्या तोंडाचा लिंगाशी संपर्क आला तर पहिला प्रकार लिंगावर येतो.

हा आजार किती लोकांना आहे, हे कळलं की मनावरचं अर्धं ओझं उतरतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० सालच्या अंदाजानुसार पन्नाशीच्या आतल्या सुमारे ३८० कोटी लोकांच्या शरीरात पहिला प्रकार आहे, तर १५ ते ४९ या वयातल्या सुमारे ५२ कोटी लोकांमध्ये दुसरा. त्यातल्या बहुतेकांना हे माहीतही नाही, कारण त्यांना एक तर लक्षणं आलीच नाहीत, किंवा इतकी किरकोळ आली की त्यांनी ती घामोळ्यावर ढकलली.

पहिलं काम: तारखा लिहून काढा

वही घ्या किंवा फोनमध्ये नोंद करा. दोन तारखा हव्यात. शेवटचे लैंगिक संबंध कधी आले, त्यात तोंडाने आणि गुदमार्गाने आलेले संबंधही धरायचे. आणि पहिली जाणीव, म्हणजे खाज, आग, मुंग्या, जे काही असेल ते, कधी झाली.

विषाणू अंगात शिरल्यापासून लक्षणं दिसायला साधारण २ ते १२ दिवस लागतात. सरासरी चार दिवस धरा. संबंध आला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी लिंगावर लाली दिसली, तर ती बहुधा घर्षणाची, कंडोमच्या रबराची किंवा एखाद्या जेलची असते. पाचव्या-सहाव्या दिवशी पुटकुळ्यांचा झुबका आला, तर हर्पीसचा संशय बळावतो.

इथे एक धोक्याची सूचना. पहिल्यांदा लक्षणं दिसली म्हणजे संसर्ग गेल्या आठवड्यातलाच, असं नाही. विषाणू महिनोन् महिने, कधी कधी वर्षानुवर्षं गप्प बसून मग डोकं वर काढतो. दहा वर्षं संसार झालेल्या माणसाला अचानक हर्पीस निघाला, तर तो लग्नाआधीचा असू शकतो, आणि दोघांपैकी कुणाचाही असू शकतो. ‘तुझ्यामुळेच झालं’ म्हणून घरात रण माजवण्याइतका पुरावा या तारखांमध्ये नसतो. तारखा निदानाला मदत करण्यासाठी लिहायच्या, आरोपपत्र तयार करण्यासाठी नाही.

आणखी एक, आणि हे घाईचं आहे. अनोळखी किंवा जोखमीच्या व्यक्तीशी कंडोमशिवाय संबंध येऊन ७२ तास झाले नसतील, तर हर्पीसची वाट बघत बसू नका. एचआयव्ही टाळण्यासाठीची औषधं या मुदतीत सुरू करता येतात. सरकारी रुग्णालयात त्याच दिवशी जा.

दुसरं काम: नीट बघा, एकदाच बघा

हात साबणाने धुवा. दिवसाउजेडी किंवा टॉर्चच्या प्रकाशात, हातात छोटा आरसा घेऊन बघा. सुंता झालेली नसेल तर पुढची कातडी हळूच मागे सारा आणि शिश्नमुंड, त्याच्या मागची खाच, कातडीची आतली बाजू, खालची शीर असं सगळं बघा. मग लिंगाचा दांडा, अंडकोशाची पुढची-मागची बाजू, दोन्ही जांघा, अंडकोश आणि गुदद्वार यांच्यामधली जागा, गुदद्वाराभोवती, ढुंगण आणि मांड्यांचा वरचा भाग. लोक फक्त लिंग बघतात. हर्पीसचा विषाणू मणक्याच्या तळाशी, कमरेखालच्या नसांच्या गाठींमध्ये दडतो आणि त्या नसा जिथे जिथे जातात तिथे कुठेही बाहेर येतो. म्हणून ढुंगणावर दर दोन-तीन महिन्यांनी त्याच जागी येणारा ‘फोड’ हासुद्धा हर्पीस असू शकतो.

फोटो काढून ठेवा. जवळून एक, थोडा लांबून एक, रोज एकाच वेळी. संकोच वाटतो हे खरं, पण डॉक्टरांची वेळ मिळेपर्यंत चार दिवस गेले तर हे फोटो दहा शब्दांपेक्षा जास्त सांगतात. फोनमधले फोटो आपोआप कुटुंबाच्या अल्बममध्ये किंवा क्लाउडवर जात असतील तर ते आधी बंद करा, आणि काम झालं की पुसून टाका.

फोडू नका, सुई लावू नका, पुन्हा पुन्हा चाचपू नका. त्या पाण्यात विषाणू ठासून भरलेला असतो. तोच हात डोळ्याला लागला तर डोळ्यात हर्पीस होऊ शकतो. बघून झाल्यावर हात पुन्हा धुवा.

तिसरं काम: क्रम जुळवा

हा लेखाचा गाभा आहे, म्हणून इथे जरा थांबू.

सुरुवात कातडीवर काही दिसण्याआधी होते. एका ठरावीक जागी झिणझिण्या, मुंग्या, खाज किंवा चटका लागल्यासारखी आग. काहींना ढुंगण, मांडी किंवा पोटरीत नस ओढल्यासारखी कळ जाते, आणि ‘कंबर धरली असेल’ म्हणून ते बाम चोळत बसतात. ही पूर्वसूचना काही तासांपासून एक-दोन दिवसांपर्यंत चालते. पहिल्या वेळी ती कळत नाही; दुसऱ्या-तिसऱ्या वेळेपासून माणूस तिला बरोबर ओळखतो.

मग त्या जागी लाली येते, आणि लालीवर छोट्या, एकमेकींना चिकटून बसलेल्या पुटकुळ्या, साबुदाण्याच्या दाण्यासारख्या किंवा त्याहून बारीक, आत पाणी भरलेल्या. एकटादुकटा दाणा कमी, झुबका जास्त. ‘लाल पायावर पाणीदार पुटकुळ्यांचा झुबका’ हे चित्र दिसलं तर हर्पीसचा संशय सगळ्यात पक्का. अडचण एवढीच की हे चित्र दिवस-दोन दिवसच टिकतं.

पुटकुळ्या फुटतात आणि उथळ, लालसर, हात लावला तरी झोंबणाऱ्या जखमा उरतात. शेजारच्या दोन-तीन जखमा एकत्र होऊन वेड्यावाकड्या कडांचा एक चट्टा बनतो. पुरुषांच्या बाबतीत इथे एक फरक पडतो. शिश्नमुंड आणि कातडीची आतली बाजू ओलसर असते. तिथे पुटकुळीचं पातळ टोपण इतक्या लवकर फाटतं की बऱ्याच जणांना पुटकुळी दिसतच नाही, थेट जखमच दिसते. लिंगाचा दांडा, अंडकोश, मांडी या कोरड्या कातडीवर मात्र पुटकुळी टिकते, पिवळसर पडते आणि तिची खपली धरते. म्हणून ‘मला फोड आलेच नाहीत, सरळ सालं निघाल्यासारखं झालं’ असं सांगणाऱ्यालाही हर्पीस असू शकतो.

पहिला झटका जोरदार असू शकतो. ताप, डोकेदुखी, अंग मोडून येणं, आणि जांघेत अवधाण. ही गाठ दाबली की दुखते आणि अनेकदा दोन्ही जांघांत येते. नव्या पुटकुळ्या आठवडाभर येत राहतात, आणि औषध नसेल तर सगळं भरून यायला दोन ते चार आठवडे लागतात. शेवटी खपली पडते आणि बहुतेक वेळा वण राहत नाही.

लघवीकडेही लक्ष द्या. मूत्रमार्गाच्या आत जखमा झाल्या तर बाहेरून काहीच दिसत नाही, पण लघवी करताना काच फिरल्यासारखी वेदना होते आणि थोडा पातळ, चिकट स्राव येतो. परम्यात, म्हणजे गनोरियात, घट्ट पिवळसर पू येतो आणि अंतर्वस्त्राला डाग पडतात. हर्पीसमध्ये स्राव थोडा आणि वेदना खूप, असं प्रमाण असतं.

गुदमार्गाने संबंध येत असतील तर गुदद्वाराशी तीव्र वेदना, शौचाला सारखं जावंसं वाटणं पण न होणं, चिकट स्राव किंवा रक्त, ही लक्षणं हर्पीसची असू शकतात. याला मूळव्याध समजून महिनाभर मलम लावणारे पुष्कळ असतात.

आता पुन्हा येणारा झटका. तो पहिल्यापेक्षा बराच सौम्य असतो: दोन-चार पुटकुळ्या, किंवा नुसती एक बारीक चीर, एका बाजूला, साधारण त्याच जागी, ताप नाही, आणि पाच ते दहा दिवसांत साफ. सगळ्यात जास्त चुकतो तो हाच. ‘उष्णता झाली’ म्हणून सब्जा आणि गुलकंद सुरू होतो, चार दिवसांनी जखम भरते आणि श्रेय सब्ज्याला जातं. सब्जा खुशाल प्या, पण तारीख लिहा. एकाच जागी, सारख्याच पद्धतीने तिसऱ्यांदा काही आलं, तर ती उष्णता नाही असं समजून चाला. दुसऱ्या प्रकारच्या विषाणूचा झटका पहिल्या वर्षात सरासरी चारेकदा परततो. पहिल्या प्रकारचा बऱ्याच जणांना वर्षातून एकदा किंवा तेवढाही नाही. वर्षं जातील तसं हे प्रमाण कमी होत जातं. ताप, जागरण, मनावरचा ताण, जोराचं घर्षण यांनंतर झटका येतो असं अनेकांच्या ध्यानात येतं.

चौथं काम: हर्पीस नसलेलं वेगळं काढा

इथे सगळ्यात आधी उपदंश, ज्याला जुनी माणसं गरमी म्हणतात. त्याची जखम बहुधा एकच असते, तळाशी कडक लागते, आणि दुखत नाही. संबंधानंतर १० ते ९० दिवसांत, साधारण तीन आठवड्यांनी ती येते आणि औषध न घेताही भरून जाते. दुखत नाही आणि आपोआप बरी होते, म्हणूनच ती घातक. आजार मात्र आतून पुढे चालूच राहतो आणि पुढे हृदय, मेंदूपर्यंत पोहोचू शकतो. वेळेत सापडला तर पेनिसिलिनच्या इंजेक्शनने तो पूर्ण बरा होतो. म्हणून माझं आग्रहाचं सांगणं: जखम दुखत असो वा नसो, हर्पीसची खात्री वाटत असो वा नसो, उपदंशाची रक्ततपासणी करायचीच. दोन्ही आजार एकाच वेळी असू शकतात.

मऊ, खोल, घाणेरड्या तळाची आणि खूप दुखणारी जखम, सोबत एका जांघेत पू धरणारी गाठ, असं असेल तर शँक्रॉइडचा विचार होतो. हा आजार आता कमी दिसतो.

दुसरा मोठा नकली हर्पीस म्हणजे गोळीची अ‍ॅलर्जी. हा आपल्याकडे फार दिसतो आणि फार चुकतो. जुलाबाची, अंगदुखीची किंवा एखादी अँटिबायोटिक गोळी घेतली की काही तासांत शिश्नमुंडावर गोल, जांभळट-लाल चट्टा येतो, कधी त्यावर फोड येऊन कातडी सोलते. प्रत्येक वेळी अगदी त्याच जागी येतो, म्हणून हर्पीससारखा वाटतो. फरक असा की हा चट्टा बरा झाल्यावर काळसर डाग मागे ठेवतो आणि दर वेळी त्याच्या आधी गोळी घेतलेली असते. को-ट्रायमॉक्साझोल, डॉक्सिसायक्लिन, ऑर्निडाझोल, सिप्रोफ्लॉक्सासिन, आयब्युप्रोफेन ही यातली नेहमीची नावं. तारखांच्या वहीत गेल्या दोन दिवसांत कुठल्या गोळ्या घेतल्या तेही लिहा, अगदी डोकेदुखीची घेतली असेल तरी.

खरूज असेल तर लिंगावर आणि अंडकोशावर कडक, खाजऱ्या गाठी येतात, खाज रात्री वाढते, बोटांच्या बेचक्यांत पुरळ असतं आणि घरातला आणखी कुणीतरी खाजवत असतो. कातडीच्या आत पांढरट थर, लाली आणि कातडीच्या टोकाला चिरा असतील तर बुरशीचा संसर्ग, आणि तो वारंवार होत असेल तर रक्तातली साखर तपासा. मधुमेहासाठी डापाग्लिफ्लोझिन किंवा एम्पाग्लिफ्लोझिन घेणाऱ्यांना हा त्रास जास्त होतो, कारण ही औषधं लघवीतून साखर बाहेर टाकतात. जांघेतला गजकर्ण कडेने वाढत जातो आणि कडा उठावदार असते. तो आठवड्यात आपोआप जात नाही.

शिश्नमुंडाच्या कडेने मोत्यांच्या ओळीसारखे बारीक दाणे, किंवा दांड्याच्या कातडीखाली पिवळसर ठिपके, वर्षानुवर्षं तसेच असतील तर ती नैसर्गिक ठेवण आहे. त्यांना काहीही करायचं नसतं. कितीतरी विशीतली मुलं या दाण्यांपायी रात्री जागवतात.

तोंडात वारंवार मोठे छाले आणि अंडकोशावर खोल जखमा असं दोन्ही असेल, तर ते डॉक्टरांना एकत्र सांगा. तो वेगळाच आजार असू शकतो.

काय लावायचं नाही

मेडिकलमध्ये ‘खाजेची ट्यूब’ मागितली की बहुतेक वेळा हातात पडते ती स्टेरॉइड, बुरशीचं औषध आणि अँटिबायोटिक एकत्र असलेली. बीटामेथासोन, क्लोबेटासोल ही नावं ट्यूबवर असतील तर ती जननेंद्रियांवर लावू नका. स्टेरॉइडने लाली आणि खाज दोन दिवस दबते, पण त्या जागेची विषाणूशी लढायची ताकदही दबते, आणि आजाराचं रूप बदलून जातं. डेटॉल, हळद-चुना, टूथपेस्ट, लसणाचा रस हे काहीही नको. कोवळ्या कातडीवर रासायनिक जखम होते आणि डॉक्टरांना दोन जखमा सोडवाव्या लागतात.

डॉक्टरांची वेळ मिळेपर्यंत जागा साध्या पाण्याने धुवा, टिपून कोरडी करा, सैल सुती अंतर्वस्त्र घाला. वेदनेसाठी पॅरासिटामॉल चालते. लघवी झोंबत असेल तर भरपूर पाणी प्या, आणि कोमट पाण्याच्या टबात बसून किंवा जागेवर तांब्याने पाणी ओतत लघवी करा. ऐकायला विचित्र वाटेल, पण आग खूप कमी होते. सगळं पूर्ण भरून येईपर्यंत संबंध नकोत, कंडोम लावूनही नकोत.

पाचवं काम: कुठे जायचं, काय बोलायचं

त्वचारोगतज्ज्ञ हे लैंगिक आजारांचेही तज्ज्ञ असतात. त्यांच्या पाटीवर बहुधा तसं लिहिलेलंही असतं. सरकारी व्यवस्थेत जिल्हा रुग्णालयं आणि वैद्यकीय महाविद्यालयांमध्ये लैंगिक आजारांसाठी ‘सुरक्षा क्लिनिक’ असतं, आणि एचआयव्हीची मोफत तपासणी-समुपदेशन करणारं आयसीटीसी केंद्र. राष्ट्रीय एड्स नियंत्रण संस्थेच्या पद्धतीनुसार तिथे लैंगिक आजारांची औषधं रंगीत किटमध्ये मिळतात. हर्पीसच्या जखमांसाठी लाल किट असतं, त्यात अ‍ॅसायक्लोव्हिरच्या गोळ्या असतात. इतर प्रकारच्या जखमांसाठी पांढरं किट, पेनिसिलिनची अ‍ॅलर्जी असेल तर निळं. जवळचं केंद्र विचारायला १०९७ हा मोफत हेल्पलाइन क्रमांक आहे. एचआयव्हीची तपासणी तुमच्या संमतीनेच व्हायला हवी आणि तिचा निकाल गुप्त ठेवायला हवा, हे २०१७ च्या कायद्याने सांगितलं आहे.

एसटी स्टँडच्या आणि लोकलच्या भिंतींवर ‘गुप्तरोग कायमचा बरा’ अशा जाहिराती दिसतात, तिकडे फिरकू नका. हर्पीसचा विषाणू शरीरातून समूळ काढणारं औषध आज जगात कुणाकडेच नाही. कायमचा बरा करतो म्हणणारा तुमच्या भीतीचा धंदा करतो आहे.

केबिनमध्ये शिरल्यावर शब्द सुचत नाहीत, म्हणून एक वाक्य घरूनच तयार करून न्या. उदाहरणार्थ: “डॉक्टर, लिंगावर पुटकुळ्या आल्या आहेत. परवा आधी झिणझिण्या आल्या, काल पाणीदार फोड दिसले. अजून काही लावलेलं नाही. शेवटचा संबंध सहा दिवसांपूर्वी, कंडोमशिवाय.” संबंध पुरुषाशी आला असेल तर तेही सांगा, त्यावरून कुठे तपासायचं आणि कुठले नमुने घ्यायचे हे ठरतं. आणि तपासायला सांगा. न बघता नुसतं ऐकून चिठ्ठी लिहिली जात असेल, तर “एकदा बघता का?” असं विचारायला लाजू नका.

तपासण्या: कुठली कामाची, कुठली फसवी

ताजी पुटकुळी किंवा ओली जखम असेल तर त्यातला नमुना काडीवर घेऊन केलेली पीसीआर तपासणी सगळ्यात भरवशाची. विषाणू आहे का आणि कुठल्या प्रकारचा, हे दोन्ही ती सांगते. खपली धरली की नमुन्यात विषाणू सापडणं अवघड होत जातं, म्हणूनच पहिल्या दोन-तीन दिवसांवर एवढा भर. पीसीआर जवळ होत नसेल तर काही ठिकाणी जखमेचा तळ खरवडून काचेवर घेतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली अनेक केंद्रकांच्या मोठ्या पेशी शोधतात. ही झँक तपासणी स्वस्त आणि झटपट आहे, पण ती ‘नाही’ म्हणाली म्हणून हर्पीस नाही असं ठरत नाही, आणि प्रकारही कळत नाही.

रक्ततपासणीत घोळ होतो. आयजीएम आणि आयजीजी या विषाणूविरुद्ध शरीराने बनवलेल्या अँटिबॉडी. लॅबच्या यादीत ‘हर्पीस आयजीएम’ ही तपासणी सर्रास असते. ती करू नका. ती नवा आणि जुना संसर्ग नीट वेगळा करू शकत नाही, उगाच होकारही देते, आणि त्या एका कागदावरून लग्नं मोडायची वेळ येते. प्रकारानुसार होणारी आयजीजी तपासणी काही वेळा उपयोगी पडते, पण संसर्गानंतर अँटिबॉडी तयार व्हायला तीन महिन्यांपर्यंत लागू शकतात, त्यामुळे पहिल्या आठवड्यातल्या नकाराला अर्थ नाही. पहिल्या प्रकाराची आयजीजी असंख्य प्रौढांमध्ये लहानपणापासूनच होकारार्थी असते; त्यावरून विषाणू ओठात आहे की खाली, हे कळत नाही. दुसऱ्या प्रकाराचा आकडा मर्यादेच्या जेमतेम वर असेल तर तो चुकीचा होकार असू शकतो, आणि खात्रीची दुसरी तपासणी लागते. लक्षण काहीच नसताना धास्तीपोटी ही तपासणी करू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

सोबत एचआयव्ही आणि उपदंश तपासा. दुसऱ्या प्रकारचा हर्पीस असलेल्यांना एचआयव्हीची लागण होण्याचा धोका सुमारे तिप्पट असतो, त्यामुळे हे टाळण्यासारखं नाही.

औषध आणि त्याची वेळ

पहिल्या झटक्याला अ‍ॅसायक्लोव्हिर ४०० मिलिग्रॅम दिवसातून तीनदा, सात ते दहा दिवस, अशी नेहमीची मात्रा. व्हॅलासायक्लोव्हिरच्या गोळ्या कमी वेळा घ्याव्या लागतात पण महाग पडतात. मूत्रपिंडाचा आजार असेल तर मात्रा बदलते, म्हणून चिठ्ठीशिवाय घेऊ नका. पुन्हा येणाऱ्या झटक्यात गोळी पूर्वसूचनेच्या वेळीच किंवा पुटकुळी दिसल्यापासून २४ तासांत सुरू झाली तरच खरा फायदा होतो; म्हणून डॉक्टरांशी बोलून गोळ्या आधीच घरी ठेवाव्यात. अ‍ॅसायक्लोव्हिरच्या मलमाचा जननेंद्रियांवर फारसा उपयोग होत नाही, गोळीच घ्या.

ही लक्षणं दिसली तर मात्र ओपीडीची वाट न बघता तातडीने रुग्णालयात जा: लघवी पूर्ण अडणं, मान ताठ होऊन तीव्र डोकेदुखी, डोळा लाल होऊन दुखणं किंवा अंधुक दिसणं. एचआयव्ही, कर्करोगाचे उपचार किंवा स्टेरॉइडच्या गोळ्या चालू असतील आणि जखमा पसरत असतील तरीही तेच करा.

पत्नीला, जोडीदाराला सांगताना

विषाणू जखम नसतानाही अधूनमधून कातडीवरून बाहेर पडत असतो, आणि तेव्हाही तो दुसऱ्याला लागू शकतो. कंडोमने धोका बराच कमी होतो, शून्य होत नाही, कारण अंडकोश आणि जांघ उघडीच राहते. रोज ५०० मिलिग्रॅम व्हॅलासायक्लोव्हिर घेतल्याने दुसऱ्या प्रकारचा हर्पीस जोडीदाराला होण्याचं प्रमाण जवळजवळ निम्म्याने घटतं. म्हणून जोडीदाराला अंधारात ठेवू नका. सांगायची वेळ शांत असू दे, दोघंही कपडे घालून, चहाच्या कपाशी बसलेले असताना.

पत्नी गरोदर असेल तर हे सांगणं पुढे ढकलता येत नाही. शेवटच्या तीन महिन्यांत तिला पहिल्यांदा संसर्ग झाला तर प्रसूतीत तो बाळाला होऊ शकतो, आणि नवजात बाळाला हर्पीस जीवघेणा ठरू शकतो. तुम्हाला हर्पीस असेल आणि तिला नसेल, तर त्या काळात संबंध टाळा. तुमच्या ओठावर पुटकुळी असेल तर तोंडाचा संपर्कही नको, आणि बाळ जन्मल्यावर त्याचा पापाही नको. तिच्या स्त्रीरोगतज्ज्ञांना तुमच्याबद्दल सांगा. त्यावरून प्रसूतीचं नियोजन ठरतं.

वही चालू ठेवा

निदान झालं तरी तारखांची वही बंद करू नका. प्रत्येक झटक्याला पाच गोष्टी लिहा: मुंग्या कधी सुरू झाल्या, कुठल्या बाजूला, गोळी किती तासांत घेतली, खपली कधी पडली, आणि त्याआधीच्या आठवड्यात जागरण, ताप, प्रवास असं काय घडलं. वर्षात सहा किंवा जास्त झटके आले, किंवा संख्येने कमी असूनही त्यांनी मनाला फार त्रास दिला, तर वही घेऊन डॉक्टरांकडे जा आणि रोजच्या गोळीबद्दल विचारा. वर्षभराने गोळी थांबवून बघायची की नाही, हे याच नोंदींवरून ठरवता येईल.